अर्धा दिवस, पण पगार अर्धा नाही: बाळ सांभाळणाऱ्या मावशींना किती द्यायचं?

मावशी पहिल्यांदा बोलणी करायला आल्या तेव्हा माझा हिशेब तयार होता. पूर्ण दिवस बाळ सांभाळणाऱ्या बायकांना महिन्याला किती मिळतात ते मी ओळखीत विचारून ठेवलं होतं. त्याचा तासाचा दर काढला, चारने गुणलं, दिवसांनी गुणलं आणि आकडा सांगितला. मावशींची नजर पाळण्यावर होती. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "ताई, अकरा ते तीन म्हणजे माझा दिवस मधोमध तुटला. सकाळी दहाचं एक घर आहे, ते सोडावं लागणार. आणि तीनला सुटल्यावर मला नवीन काम कोण देणार?"

माझा गुणाकार बरोबर होता. पण मी माझ्या घरातले चार तास मोजत होते, आणि त्यांचा जवळजवळ अख्खा दिवस अडकत होता. अर्धवेळ मावशींचा पगार ठरवताना बहुतेक घरांत हीच चूक होते. त्यात लबाडी नसते. हिशेबच चुकीच्या टोकापासून सुरू झालेला असतो. त्यामुळे तो दुसऱ्या टोकापासून करून पाहू.

तासाचा दर कमी तासांना वाढतो, तो का?

अर्थशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. ॲडम स्मिथने १७७६ साली कामाकामांच्या मजुरीत फरक का पडतो याची पाच कारणं मांडली होती. त्यातली दोन आपल्या कामाची आहेत. एक म्हणजे काम सलग मिळतं की तुटक. गवंड्याचं उदाहरण देऊन तो सांगतो की कडाक्याच्या थंडीत आणि खराब हवेत गवंड्याला काम नसतं, म्हणून कामाच्या दिवसांच्या मजुरीत रिकाम्या दिवसांचं पोटही भरावं लागतं. दुसरं कारण म्हणजे माणसावर टाकलेला विश्वास. सोनाराच्या हातात मौल्यवान वस्तू दिलेली असते, म्हणून त्याची मजुरी इतर कारागिरांपेक्षा जास्त. अर्धवेळ मावशींच्या कामात ही दोन्ही कारणं एकत्र येतात. काम तुटक असतं, आणि हातात जे सोपवलेलं असतं त्याची तुलना दागिन्याशी करायलाही जीव होत नाही.

आता आकडे. चलन कुठलंही धरा. समजा पूर्ण दिवसाच्या, म्हणजे ९ तासांच्या कामाला तासाला १०० हा चालू दर आहे. घरून यायला पाऊण तास, परत जायला पाऊण तास आणि दोन्ही वेळचं भाडं मिळून ४०.

पूर्ण दिवस काम करणाऱ्या बाईंना ९०० मिळतात. भाडं वजा जाता ८६०. घरातून निघाल्यापासून परत पोचेपर्यंत साडेदहा तास गेले. म्हणजे तासाला साधारण ८२ हातात पडले.

त्याच दराने चार तासांचे ४०० दिले तर भाडं जाऊन ३६० उरतात. वेळ गेला साडेपाच तास. तासाला पडले ६५. दर तोच, प्रवास तोच, तरी या बाईंच्या हातात प्रत्येक तासाला १६ ते १७ कमी.

दोघींच्या वेळेची किंमत सारखी ठेवायची तर चार तासांचे सुमारे ४९० व्हायला हवेत, म्हणजे तासाला १२२ ते १२३. दोनच तासांसाठी बोलावलं तर हाच हिशेब तासाला १६३ वर जातो. प्रवासाचा आणि तयारीचा बोजा दोन तासांवर पडो की नऊ तासांवर, तो तेवढाच राहतो. म्हणून "फक्त दोन तासांचं तर काम आहे" हे वाक्य दर कमी करायला वापरलं जातं तेव्हा मला वाईट वाटतं. खरं तर तेच वाक्य दर वाढवण्याचं कारण आहे.

यात दिवस मध्येच तोडल्याचं नुकसान अजून धरलेलंच नाही. सकाळी सात ते अकरा काम असेल तर दुपार मोकळी राहते आणि दुसरं घर धरता येतं. अकरा ते तीन असेल तर दोन्ही बाजूंना उरलेला वेळ असा असतो की कुणी सहज काम देत नाही. त्यामुळे वेळ ठरवण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: "आमचं काम धरलं तर तुमचं कुठलं काम सुटतं?" आम्ही तो विचारला तेव्हा कळलं की अर्धा तास आधी आलं तर मावशींना दुपारी आणखी एक घर करता येतं. वेळ साडेदहा ते अडीच केली. दहाचं घर सुटलं ते सुटलंच, पण त्याच्या जागी दुसरं उभं राहिलं. एवढ्या साध्या बदलाने आमची घासाघीस निम्मी संपली.

तात्पुरत्या कामाला जादा दर देण्याची पद्धत काही देशांत नियमातच आहे. ऑस्ट्रेलियात बहुतेक क्षेत्रांच्या वेतन नियमांनुसार, कायम नसलेल्या आणि भरपगारी सुट्टी न मिळणाऱ्या कामगाराला तासाच्या मूळ दरावर साधारण २५ टक्के जास्त द्यावे लागतात. आपला प्रवासाचा हिशेबही त्याच आसपास आला. सुरुवात म्हणून १२५ टक्के ही खूण मला रास्त वाटते. पूर्ण दिवसाचा चालू दर घ्यावा, त्यावर पाव भाग चढवावा आणि बोलणी तिथून सुरू करावीत.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. आपण राहतो तिथे घरकामगारांसाठी किमान वेतन ठरलेलं असेल तर तो आकडा तळाचा आहे. त्याच्या खाली जायचा प्रश्नच येत नाही, आणि तो मिळाला म्हणजे पगार योग्य झाला असंही नाही.

महिना चार आठवड्यांचा नसतो

तासाचा दर ठरला की महिन्याचा पगार काढायचा असतो, आणि इथे दुसरी चूक वाट बघत असते. आठवड्याचे पैसे गुणिले चार. मी स्वतः ही चूक केली. ती कुणी दाखवून दिली नसती तर वर्षभर चालली असती.

दर १२५ धरू. दिवसाला ४ तास, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे २० तास. आठवड्याचे झाले २,५००. चारने गुणलं की महिन्याचे १०,०००. आकडा गोल आणि दिसायला नीटनेटका. पण चार आठवड्यांचे बारा महिने म्हणजे ४८ आठवडे, आणि वर्ष असतं ५२ आठवड्यांचं. मधले चार आठवडे, ८० तास, मावशी आपल्या घरी आलेल्या असतात आणि त्याचे पैसे कुठेच धरलेले नसतात. ८० गुणिले १२५ म्हणजे बरोबर १०,०००. वर्षाला एक अख्खा पगार बुडाला, आणि दोन्हीकडे कुणाला पत्ता नाही.

बरोबर रीत अशी: आठवड्याचे पैसे गुणिले ५२, भागिले १२. २,५०० चे होतात १,३०,०००, आणि महिन्याला १०,८३३. महिना २८ दिवसांचा असो की ३१, आकडा तोच राहतो.

हीच रीत खाड्यालाही लागते. मावशींनी ठरलेल्या सुट्ट्यांच्या वर खाडा केला आणि तो कापायचा असं दोघांचं आधीच ठरलं असेल, तर एका दिवसाचे ५०० कापले जातात, कारण वर्षात कामाचे दिवस २६० आणि पगार १,३०,०००. खाडा कापताना मनाला येईल तो भागाकार करणं आणि जादा दिवस आले की "महिन्याचा पगार ठरलाय ना" म्हणणं, ही दोन मापं झाली.

दर कशाने वर-खाली होतो

बाळाचं वय ही सगळ्यात मोठी बाब. सहा महिन्यांच्या बाळावरून पाच मिनिटं नजर हलवता येत नाही. चार वर्षांचं मूल निदान स्वतःच्या पायांनी बाथरूमला जातं. पाळणाघरांच्या नियमांतही हा फरक दिसतो. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे किमान एक मोठं माणूस असावंच लागतं, आणि मुलं मोठी होत जातात तशी एका माणसामागची संख्या वाढते. घरी येणाऱ्या मावशी तर एका बाळामागे एक. म्हणूनच पाळणाघराच्या फीशी मावशींच्या पगाराची तुलना करून "तिकडे स्वस्त आहे" म्हणणं बरोबर नाही. तिकडे एका बाईंच्या पगारात तीन घरांचा वाटा असतो.

दुसरं मूल असेल तर दर दुप्पट होत नाही, पण तोच राहतो असंही नाही. माझ्या मते पाव भाग तरी वाढावा, आणि दोघंही तान्ही असतील तर त्याहून जास्त. दोन घरांनी मिळून एक मावशी ठेवल्या तर प्रत्येक घराने पूर्ण दराच्या दोन तृतीयांश द्यावेत. दोन्ही घरांचा खर्च तिसऱ्या भागाने कमी होतो आणि मावशींना तिसरा भाग जास्त मिळतो. निम्मं-निम्मं करून सगळा फायदा घरांनीच घेतला तर दोन बाळांचं काम मावशींच्या गळ्यात फुकट पडतं.

आणि वरकाम. बाळाचे कपडे, बाळाचं खाणं, खेळणी आवरणं हे बाळाच्या कामातच येतं. पण "बाळ झोपलं की तेवढी भांडी घासा", मग केर, मग घडी घालायचे सगळ्यांचे कपडे, असं करत करत एका पगारात दुसरी नोकरी शिरते. वरकाम हवं असेल तर ते नाव घेऊन, वेळ धरून आणि वेगळे पैसे लावून ठरवावं. बाळाकडे लक्ष देणारं माणूस त्याच वेळी मोरीत उभं राहू शकत नाही, ही सुरक्षिततेचीही गोष्ट आहे.

यावर एक शंका मला बऱ्याच जणांनी विचारली आहे: बाळ दोन तास झोपतं, मग त्या दोन तासांचे पूर्ण पैसे का? कारण त्या वेळात मावशी कुठेही जाऊ शकत नाहीत. बाळ केव्हाही जागं होईल, म्हणून त्यांचा कान तिकडेच असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा घरकामगारांसाठीचा १८९ क्रमांकाचा करार १६ जून २०११ रोजी जिनिव्हात मंजूर झाला, त्यात याबद्दल स्पष्ट कलम आहे. ज्या वेळात कामगाराला आपल्या मर्जीने वागता येत नाही आणि घराच्या हाकेला हजर राहावं लागतं, तो वेळ देशाचा कायदा ठरवेल त्या प्रमाणात कामाचा वेळ मानायचा. झोपलेल्या बाळाशेजारी बसणं हे त्याचं अगदी घरगुती रूप.

आपण सुट्टीवर गेलो तर?

आपण दहा दिवस गावाला गेलो, मावशींना "येऊ नका" म्हटलं, तर पगार द्यायचा का? माझं उत्तर ठाम आहे: द्यायचा. त्यांनी ते तास आपल्यासाठी राखून ठेवले आहेत; दहा दिवसांसाठी त्यांना दुसरं काम मिळणार नाही. आपण घरात नाही म्हणून आपण घरभाडं थांबवत नाही.

मावशींच्या स्वतःच्या सुट्ट्याही भरपगारी हव्यात, कामाच्या प्रमाणात. त्यांना ताप आलेला असताना पगार कापला जाईल या भीतीने त्या आल्या तर तो ताप आपल्याच बाळाला होणार. अगदी स्वार्थाने पाहिलं तरी आजारपणाची रजा परवडते. तासावारी पैसे देत असाल आणि रजा वेगळी देणं जमत नसेल, तर ती दरात मिसळावी. वर्षाला चार आठवडे रजा धरली तर ५२ आठवड्यांचे पैसे ४८ आठवड्यांत यायला हवेत, म्हणजे दर साधारण सव्वाआठ टक्क्यांनी चढतो. वर धरलेल्या पाव भागात रजेची सोय नाही. तो प्रवासातच संपला.

उशिराचं मी जरा सविस्तर सांगते, कारण ते मला वहीने शिकवलं. बाळाने किती दूध घेतलं, किती वेळ झोपलं हे लिहायला एक वही होती, आणि तिच्या समासात मावशी निघायची वेळ लिहायची सवय लागली होती. महिन्याच्या शेवटी ती पानं चाळताना दिसलं, २:४०, २:५०, २:४५, पुन्हा २:५०. सुटायची वेळ अडीचची. कामावरून निघताना एक फोन येतो, वाटेत गर्दी लागते, आणि मनात आपण म्हणतो, पंधरा मिनिटांनी काय होतंय. बेरीज केली. २२ दिवसांत ३३० मिनिटं. साडेपाच तास, म्हणजे त्यांच्या कामाच्या एका पूर्ण दिवसाहून जास्त. आणि या प्रत्येक दिवशी त्या पुढच्या घरी धावत पोचल्या होत्या, तिथे उशिराचं बोलणं ऐकून घेतलं होतं. मला हे कधी म्हणाल्या नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे उशिराचे पैसे पाव तासाच्या हिशेबाने आणि दीडपट दराने लागतात. पैशांपेक्षा त्याचा उपयोग असा झाला की मी वेळेवर निघायला लागले.

ठरलेलं लिहून ठेवणं

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात घरकामगार ७ कोटी ५६ लाख आहेत. त्यातल्या दर चार जणांत तीन बायका, आणि दर दहांत आठ जणांचं काम अनौपचारिक, म्हणजे कागद नाही, संरक्षण नाही. १८९ क्रमांकाचा करार म्हणतो की कामाच्या अटी कामगाराला समजतील अशा रीतीने सांगाव्यात, शक्य तिथे लेखी. पगार नियमित आणि महिन्यातून किमान एकदा मिळावा. वस्तूंच्या रूपात दिलं तर ते मर्यादित प्रमाणातच आणि वाजवी किंमत लावून. जुने कपडे, उरलेलं जेवण, मुलांची खेळणी प्रेमाने दिली तर छानच, पण ती पगारात धरू नयेत.

हा करार सगळ्यात आधी मान्य करणारा देश म्हणजे उरुग्वे, २०१२ साली. तिथे त्याच्या चार वर्षं आधीच एक लक्षात राहण्यासारखी गोष्ट घडली होती. घरकामगारांचं वेतन ठरवायला त्यांची संघटना वाटाघाटीला बसली, पण समोर मालक म्हणून कोण बसणार? घरं तर हजारो आणि विखुरलेली. तेव्हा गृहिणींची संघटना मालकांच्या बाजूने बसली आणि २००८ मध्ये करार झाला. घरातल्या कामाचा दर बायकांनीच समोरासमोर बसून ठरवला.

आपल्या घरी एक पान पुरतं. वेळ, दिवस, महिन्याचा पगार, पगाराची तारीख, भरपगारी सुट्ट्या, उशिराचा दर, कामं कोणती आणि कोणती नाहीत, उचल दिली तर ती किती हप्त्यांत वळती करायची. दोन प्रती. मावशींना वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवावं, आणि त्यांच्या घरातल्या वाचता येणाऱ्या माणसालाही दाखवायला सांगावं. पहिल्या आठवड्याची ओळख-पारख दोन्ही बाजूंनी असते. त्या दिवसांचे पैसेही पूर्ण द्यावेत.

परवडत नसेल तेव्हा

हे सगळं वाचून कुणाच्या पोटात गोळा येईल, तो मी ओळखते. तान्हं बाळ असताना घरात पैसे आधीच कमी पडत असतात. अशा वेळी दर कापण्याआधी तास कापून बघावेत. पाच दिवसांऐवजी तीन दिवस, किंवा शेजारच्या घराबरोबर मिळून. कमी दरात मिळालेल्या मावशी जास्त दराचं घर मिळताच जाणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. बाळाला मात्र नवीन हातांची सवय पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

दुसरं, हा खर्च आईच्या पगारातून वजा करून बघू नका. "तुझ्या पगारातले एवढे तर तिलाच जाणार, मग नोकरी कशाला?" हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलंय. बाळ दोघांचं आहे, म्हणून खर्च दोघांच्या मिळून उत्पन्नातून जातो. आईच्याच पगारासमोर तो ठेवला की मावशींचा प्रत्येक रुपया खुपायला लागतो, आणि घासाघीस दोन बायकांमध्ये होते.

दरवर्षी वाढ द्यायची, तीही मागायला न लावता. महागाई वर्षाला ६ टक्के असेल आणि तीन वर्षं पगार तोच राहिला, तर १०० ची किंमत ८४ उरते. त्या तीन वर्षांत मावशींचं काम कमी झालेलं नसतं, त्यांचा पगार मात्र आपण दरवर्षी थोडा थोडा कमी केलेला असतो. आधी महागाईएवढी वाढ द्यावी, आणि अनुभवाची त्याच्या वर.

राहिला शेवटचा मुद्दा, जो पहिल्या दिवशीच पानावर लिहावा: काम संपवायची रीत. बाळ मोठं होतं, शाळेत जातं, आणि उत्तम काम करणाऱ्या मावशींचंच काम संपतं. निदान एक महिन्याची पूर्वसूचना किंवा एक महिन्याचा पगार, आणि वर्षं जास्त झाली असतील तर त्याहून अधिक. आम्हाला शाळेचा प्रवेश पक्का झाल्याचं कळलं त्याच संध्याकाळी मी मावशींना सांगितलं. शाळा सुरू व्हायला अजून तीन महिने होते. त्या म्हणाल्या, "बरं झालं आत्ता सांगितलंत. वरच्या मजल्यावरच्या सूनबाईंना सातवा लागलाय, त्यांना आजच विचारून ठेवते." मग वहीचं एक कोरं पान मागून घेतलं आणि मला म्हणाल्या, "तुमच्याकडे ठरलं होतं ते सगळं यावर लिहून द्या. तिकडे दाखवते."